स्विमिंग पूलचा पंप रोज किती तास चालवावा?

फार्महाऊस किंवा बंगल्यातील स्विमिंग पूलचा पंप उन्हाळ्यात रोज सहा ते आठ तास आणि हिवाळ्यात तीन ते चार तास चालवावा, असे ढोबळ उत्तर सर्वत्र दिले जाते. सुरुवात करायला ते ठीक आहे. मात्र एकाच गावातील दोन पूलांसाठीही योग्य वेळ वेगळी असू शकते. पूलमध्ये पाणी किती आहे, पंप तासाला प्रत्यक्षात किती पाणी फिरवतो, ऊन किती आहे आणि पोहणारे किती आहेत, या चार गोष्टींवर तास ठरतात. वेळ कमी पडली तर पाणी गढूळ होते आणि धोका वाढतो. जास्त झाली तर वीजबिल फुगते.

सोलापूर परिसर हे या हिशेबाचे चांगले उदाहरण आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातील होटगी हे रेल्वे जंक्शनचे गाव. सोलापूरहून येणाऱ्या लोहमार्गाला येथून विजयपूरकडे फाटा फुटतो. एप्रिल-मे महिन्यांत या भागात पारा ४० अंशांच्या वर जातो, पाऊस बेताचाच पडतो आणि पाण्याची मदार बोअर, विहीर किंवा टँकरवर असते. अशा ठिकाणी पूलचे पाणी वारंवार बदलणे परवडत नाही. भरलेले पाणी वर्षभर टिकवायचे असेल तर पंपाचे तास विचार करूनच ठरवावे लागतात.

विहिरीला पंप लागत नाही, मग पूलला का?

सोलापूर जिल्ह्यातील अनेकांनी पोहणे शिकले ते पाठीला डबा बांधून, विहिरीत. विहिरीत झऱ्यांचे नवे पाणी येत राहते आणि शेतीसाठी जुने पाणी उपसले जाते. होटगीच्या तलावासारख्या मोठ्या जलाशयात वनस्पती, मासे आणि सूक्ष्मजीव यांची साखळी घाण पचवत असते. तरीही विहिरीचे किंवा तलावाचे पाणी निर्जंतुक नसते.

स्विमिंग पूलमध्ये यातले काहीच नसते. फरशी लावलेल्या बंद टाकीत तेच पाणी महिनोन्‌महिने राहते. त्यात घाम, तेल, धूळ, पाने आणि जंतू पडत राहतात. म्हणून येथे तीन कामे यंत्राला करावी लागतात. पंप पाणी ओढून वाळूच्या फिल्टरमधून नेतो, क्लोरीन सगळीकडे सारखे पसरवतो आणि पृष्ठभागावरचा कचरा स्किमरमध्ये खेचतो. पंप बंद असताना ही तिन्ही कामे थांबतात. कोपऱ्यातील पाणी साचून राहते, तेथील क्लोरीन संपते आणि शेवाळ पहिल्यांदा तेथेच धरते.

पहिली पायरी : पाण्याचा एक फेरा किती तासांत होतो?

पूलमध्ये जितके पाणी आहे तितके पाणी एकदा फिल्टरमधून जायला लागणाऱ्या वेळेला एक फेरा म्हणता येईल. तो काढण्यासाठी दोन आकडे लागतात.

पहिला आकडा पाण्याचा. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये मोजून गुणावी. समजा पूल ८ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद आहे. एका बाजूला खोली १ मीटर आणि दुसऱ्या बाजूला १.५ मीटर, म्हणजे सरासरी १.२५ मीटर. ८ × ४ × १.२५ = ४० घनमीटर, म्हणजे ४०,००० लिटर.

दुसरा आकडा पंपाच्या प्रवाहाचा. येथे बहुतेकांची चूक होते. पंपावरच्या पाटीवर लिहिलेला सर्वाधिक प्रवाह हा जवळजवळ अडथळाच नसताना मिळणारा असतो. प्रत्यक्षात पाइप, वळणे, व्हॉल्व्ह आणि वाळूचा थर यांतून पाणी ढकलताना तो बराच कमी होतो. खरा प्रवाह काढायला फिल्टरवरचे दाबमापक उपयोगी पडते. १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब म्हणजे साधारण १० मीटर उंचीचे पाणी. काटा ०.८ वर असेल तर ८ मीटर आणि पाणी खेचण्याच्या बाजूचे अंदाजे २ मीटर धरून एकूण १० मीटर होतात. पंपाच्या माहितीपत्रकातील तक्त्यात १० मीटरसमोर जो प्रवाह दिला असेल तो धरावा.

समजा तो तासाला १२,००० लिटर निघाला. ४०,००० भागिले १२,००० म्हणजे सुमारे ३ तास २० मिनिटांत एक फेरा होतो.

एक फेरा म्हणजे सगळे पाणी गाळले गेले का?

नाही. फिल्टरमधून आलेले स्वच्छ पाणी पूलमधील उरलेल्या पाण्यातच मिसळते. त्यामुळे पुढच्या क्षणी पंप जे पाणी ओढतो त्यात आधीच गाळलेले पाणीही असते. पाणी नीट मिसळत असेल तर एका फेऱ्यात मूळ पाण्यापैकी सुमारे ६३ टक्के पाणी फिल्टरमधून जाते. दोन फेऱ्यांत ८६ टक्के, तीन फेऱ्यांत ९५ टक्के आणि चार फेऱ्यांत ९८ टक्के. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेतील गेज आणि बिडवेल यांनी हा हिशेब मांडला, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

या आकड्यांवरूनच पंप चोवीस तास चालवण्याची गरज का नसते हे कळते. दुसऱ्या फेऱ्यात २३ टक्के पाण्याची भर पडते, चौथ्यात केवळ ३ टक्क्यांची. वीज मात्र प्रत्येक फेऱ्याला तेवढीच लागते. घरगुती पूलसाठी उन्हाळ्यात दिवसाला दोन फेरे हा चांगला प्रारंभ आहे. वरच्या उदाहरणात ते ६ तास ४० मिनिटे, म्हणजे सुमारे सात तास होतात.

सार्वजनिक तलावांना हा नियम लावू नये. तेथे दिवसभर शेकडो लोक पाण्यात उतरतात. स्पर्धेच्या मोठ्या तलावात साधारण तीन-चार तासांत एक फेरा होईल अशी यंत्रणा ठेवतात आणि ती अखंड चालते. लहान मुलांच्या उथळ कुंडात पाणी थोडे आणि घाण जास्त असते, म्हणून तेथे फेरा तासाभरात किंवा त्याहूनही लवकर व्हावा लागतो.

तीन तासांत भागते का?

अमेरिकेतील फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाच्या ऊर्जा बचत केंद्राने १२० पूलांचा अभ्यास केला होता. पंपाची वेळ दिवसाला तीन तासांपेक्षा कमी करूनही बहुतेक पूलमालक पाण्याबद्दल समाधानी राहिले. फ्लोरिडाही उष्ण प्रदेश आहे, त्यामुळे हा निष्कर्ष दुर्लक्षिण्यासारखा नाही.

पण तो होटगीत जसाच्या तसा लावताना काळजी घ्यावी. तो घरगुती, बेताच्या वापराच्या पूलांचा अभ्यास होता. उन्हाळ्यात माळावरून उडणारी धूळ, सुट्टीत एकाच दिवशी येणारे वीस-पंचवीस पाहुणे आणि मधेच जाणारी वीज या गोष्टी त्यात नाहीत. अभ्यासातून घ्यायचे ते एवढेच की वेळ कमी करून पाहता येते. मात्र एकदम नव्हे, आणि क्लोरीनची मोजणी चालू ठेवून.

ऊन आणि क्लोरीन

पाण्यातील जंतू मारण्याचे मुख्य काम क्लोरीन करतो, पंप नव्हे. पंप तो पसरवतो. म्हणून पंप दहा तास चालवला आणि क्लोरीन टाकलाच नाही, तर पाणी चकचकीत दिसूनही असुरक्षित राहू शकते.

मोकळ्या क्लोरीनचा मोठा शत्रू म्हणजे ऊन. कडक उन्हात संरक्षण नसलेला क्लोरीन तासाभरात निम्म्याहून कमी उरतो. हे टाळण्यासाठी सायन्युरिक आम्ल वापरतात. बाजारात मिळणाऱ्या टीसीसीए गोळ्यांत ते आधीच असते. पाण्यात ते लिटरला ३० ते ५० मिलिग्रॅम असले की क्लोरीन बराच टिकतो. पण ते उन्हाने उडून जात नाही, गोळ्यांबरोबर साठत जाते. प्रमाण १०० च्या पुढे गेले की क्लोरीन असूनही तो संथ काम करतो. उपाय एकच, थोडे पाणी बदलणे.

पीएच हा दुसरा महत्त्वाचा आकडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार क्लोरीन वापरणाऱ्या पूलमध्ये तो ७.२ ते ७.८ असावा. पीएच ७.२ असताना मोकळ्या क्लोरीनचा सुमारे दोन तृतीयांश भाग जोमदार रूपात असतो. ७.५ ला तो निम्म्यावर येतो आणि ८ ला जेमतेम पाव उरतो. म्हणजे पीएच ८ वर गेलेल्या पूलमध्ये पंपाचे तास वाढवणे हा चुकीच्या जागी केलेला खर्च ठरतो.

घरगुती पूलमध्ये मोकळा क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम ठेवावा. ४०,००० लिटर पाण्यात तो १ मिलिग्रॅमने वाढवायला ४० ग्रॅम क्लोरीन लागतो. टीसीसीए ९० वापरल्यास ती सुमारे ४५ ग्रॅम, तर ३० टक्क्यांची ब्लीचिंग पावडर वापरल्यास सुमारे १३० ग्रॅम भरते. ही दोन रसायने कधीही एकत्र मिसळू नयेत, एकाच डब्यात किंवा मापातही नाही. त्यांच्या मिश्रणाने आग लागू शकते किंवा स्फोट होऊ शकतो.

वेळ दिवसाची की रात्रीची?

पंप दिवसा चालवणे बहुतेक वेळा योग्य. क्लोरीन उन्हातच संपतो, शेवाळ उजेडातच वाढते आणि माणसे दिवसाच पोहतात. छतावर सौर पॅनेल असतील तर दिवसाची वीज पंपाला थेट वापरता येते. सात तासांचे दोन भाग करावेत : सकाळी चार तास आणि दुपारनंतर तीन तास. पोहणे चालू असताना पंप सुरूच असावा. गर्दीच्या दिवशी शेवटचा माणूस बाहेर पडल्यावर आणखी एक पूर्ण फेरा द्यावा. क्लोरीनचा मोठा डोस मात्र ऊन उतरल्यावर, संध्याकाळी द्यावा आणि त्यानंतर दोन-तीन तास पंप चालवावा.

टायमर लावताना त्यात बॅटरी असलेला निवडावा. वीज गेल्यावर साधा टायमर थांबतो आणि वेळापत्रक तेवढे पुढे सरकते. सकाळचा फेरा काही दिवसांनी रात्री होऊ लागतो, आणि पाणी हिरवे होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

विजेचा हिशेब

एक अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण एक युनिट वीज घेतो. युनिटला १० रुपये धरले तर महिन्याचे चित्र असे दिसते :

• रोज ३ तास : ९० युनिट, ९०० रुपये
• रोज ७ तास : २१० युनिट, २,१०० रुपये
• चोवीस तास : ७२० युनिट, ७,२०० रुपये

होटगीजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचे १,३२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र उभे आहे. पण केंद्र शेजारी आहे म्हणून गावकऱ्यांना वीज स्वस्त मिळत नाही. ४,५०० रुपयांहून अधिक रक्कम दरमहा वाचवता येत असेल तर चोवीस तास पंप चालवण्यात अर्थ नाही. तीन आणि सात तासांमधला फरक मात्र १,२०० रुपयांचा आहे. तो वाचवण्याच्या नादात पाणी हिरवे झाले आणि पूल रिकामा करावा लागला, तर पुन्हा भरायला १०,००० लिटरचे चार टँकर लागतात. टंचाईच्या दिवसांत ते पैसे देऊनही वेळेवर मिळतीलच असे नाही.

शेतातल्या पूलबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. राज्यात २०२४ पासून ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज योजना लागू आहे. त्यामुळे पूलचा पंप शेतीच्या जोडणीवर घेण्याचा मोह होतो. मंजूर कारणाव्यतिरिक्त विजेचा वापर हा वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. शिवाय शेतीची वीज कधी दिवसा तर कधी रात्री, पाळीने येते. त्यामुळे पंपाचे वेळापत्रकही बसत नाही.

कमी वेगाचा पंप

वेग बदलता येणारा पंप महाग असतो, पण त्यामागचे गणित लक्षात घेण्यासारखे आहे. वेग निम्मा केला की प्रवाह निम्मा होतो, मात्र लागणारी शक्ती सैद्धांतिकदृष्ट्या एक अष्टमांशावर येते. मोटरमधील हानी धरता प्रत्यक्षात बचत थोडी कमी असते. आपल्या उदाहरणात दोन फेऱ्यांना सातऐवजी साडेतेरा तास लागतील, तरी वीज सात युनिटांऐवजी तीनच्या आसपास पुरेल. संथ पाण्यातून वाळू बारीक घाणही चांगली पकडते. अट एवढीच की रोज तास-दोन तास पूर्ण वेग द्यावा, नाहीतर स्किमर पृष्ठभागावरची पाने ओढत नाही.

उलट, फिल्टर तोच ठेवून मोठा पंप बसवला तर तास कमी होतात असे वाटते. पण वेगाने गेलेले पाणी घाण वाळूतून पलीकडे ढकलते आणि पूल धूसरच राहतो.

होटगीच्या हवामानात ऋतूनुसार तास

वरच्या उदाहरणातील पूलसाठी सुरुवातीचे तास असे धरता येतील :

• मार्च ते मध्य जून : ७ ते ९ तास. ऊन, धूळ आणि सुट्टीची गर्दी यामुळे वर्षातील सर्वात जड काळ.
• पावसाळा : ५ ते ६ तास. जोराच्या सरीनंतर माती वाहून आली असेल तर पाणी निवळेपर्यंत पंप चालू ठेवावा आणि क्लोरीन पुन्हा मोजावा.
• ऑक्टोबर : ६ तास. ऊन पुन्हा वाढते, वापरही होतो.
• नोव्हेंबर ते फेब्रुवारी : ३ ते ४ तास. पाणी गार असते आणि शेवाळाची वाढ मंदावते. सोलापूरची थंडी ती पूर्ण थांबवण्याइतकी कडक नसल्याने पंप बंद ठेवू नये.

मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनाने दिवसाला सुमारे एक सेंटिमीटर उतरू शकते. ३२ चौरस मीटरच्या पूलमधून रोज ३२० लिटर, म्हणजे महिन्याला जवळपास एक टँकर पाणी उडते. आठवडाभर भर घातली नाही तर पातळी स्किमरच्या तोंडाखाली जाते, पंप हवा ओढतो आणि कोरडा चालून त्याचे सील जळते. वापर नसताना पूलवर आच्छादन घातले तर पाणी, क्लोरीन आणि पंपाचे तास तिन्ही वाचतात. पाणी उडाले तरी क्षार मागेच राहतात. बोअरच्या जड पाण्याने भर घालत राहिल्यास ते वाढतच जातात. वाळूचा फिल्टर विरघळलेले क्षार काढू शकत नाही, म्हणून पावसाळ्यात पाणी उपलब्ध असताना थोडा भाग बदलून घ्यावा.

फिल्टरचा बॅकवॉशही पाणी खातो. तीन मिनिटांच्या बॅकवॉशमध्ये सुमारे ६०० लिटर पाणी जाते. म्हणून तो वारानुसार न करता दाबमापक पाहून करावा. वाळू स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा काटा अर्ध्या किलोने वर गेला की बॅकवॉश करावा. ते पाणी एक-दोन दिवस उघड्या टाकीत ठेवून क्लोरीन उतरल्यावर झाडांना देता येते.

तास बरोबर आहेत हे कसे ओळखावे?

हिशेबाने सुरुवात करावी, पण अंतिम निर्णय पाण्यावर सोडावा. दोन आठवडे रोज तीन नोंदी ठेवाव्यात : सकाळचा क्लोरीन, पीएच आणि तळ दिसतो का. सलग आठवडाभर तिन्ही ठीक असतील तर पंपाची वेळ अर्ध्या तासाने कमी करावी आणि पुन्हा आठवडाभर पाहावे. पाणी धूसर झाले, भिंत हाताला बुळबुळीत लागली किंवा क्लोरीन सकाळपर्यंत टिकेना, तर आधी पीएच, क्लोरीन आणि फिल्टर तपासावा. ते ठीक असतील तरच पंपाचे तास वाढवावेत.

तळ दिसणे ही केवळ शोभेची बाब नाही. सर्वात खोल भागातील तळाची जाळी काठावर उभे राहून स्पष्ट दिसत नसेल तर कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये. गढूळ पाण्यात बुडालेले मूल काठावरच्या माणसांना दिसत नाही. ती जाळी तुटलेली किंवा निघालेली असेल तर पंप लगेच बंद करावा, कारण तेथील खेच केस किंवा हात धरून ठेवू शकते. पंपाच्या जोडणीला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असणे आवश्यक आहे.

केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये अमिबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे अनेक रुग्ण आढळले. हा अमिबा कोमट, साचलेल्या आणि क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे शरीरात शिरतो. आजार दुर्मीळ असला तरी बहुतेकदा जीवघेणा ठरतो. महिनाभर बंद असलेला पूल सुट्टीच्या आदल्या रात्री पंप लावून सकाळी मुलांसाठी खुला करणे म्हणूनच धोक्याचे आहे. अशा पूलला आधी क्लोरीनचा जास्त डोस द्यावा, किमान तीन-चार फेरे होऊ द्यावेत, घासून भिंती साफ कराव्यात आणि मोजणी योग्य आल्यावरच वापर सुरू करावा.